फ्लॅशखालचं भोक

९ जून

हंगाम सुरू झाला. अफवा यायला लागल्या, म्हणून पुन्हा लिहायला बसलोय. डोक्यात ठेवलं की घोळ होतो, आणि हिला सांगायला गेलो तर ही "बरं" म्हणते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

आमचा धंदा सांगायला सोपा आणि करायला विचित्र. आम्ही मोबाइलची कव्हरं बनवतो. ज्या दिवशी फोन बाजारात येतो त्याच दिवशी कव्हर दुकानात लटकलेलं लागतं. उशीर झाला की गिऱ्हाईक दुसऱ्याचं कव्हर चढवून मोकळं. म्हणजे साचा आधीच कापून ठेवायचा, आणि फोन तर कुणी पाहिलेलाच नसतो. न पाहिलेल्या माणसाचे कपडे शिवण्यासारखं आहे हे. कारखान्यात मशीन आणि साचे दाजी बघतात, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. अफवा मी बघतो.

अफवांच्या दोन बाजू. एक बंदवाले: त्यांचा फोनही त्यांचा, आतली प्रणालीही त्यांची, बाहेरच्याला प्रवेश नाही. दुसरे खुलेवाले: त्यांची प्रणाली कुणीही घ्यावी आणि आपल्या फोनवर चालवावी. ही नावं आम्हीच ठेवलेली. यंदा खुलेवाले त्यांचा मोठा फोन दरवर्षीपेक्षा लवकर आणताहेत. का? कुणाला घाबरले? दाजींना विचारलं तर म्हणाले, "तयार झाला असेल, म्हणून आणत असतील."

दाजी फार साधा विचार करतात. इतकं साधं काही नसतं.

१४ जून

यंदाचा खरा प्रश्न बंदवाल्यांच्या पाठीचा आहे. कॅमेरे कोपऱ्यातल्या चौकोनातच राहणार, की पाठभर आडवी पट्टी येणार? चौकोन असेल तर जुना साचा थोडा तासून चालेल. पट्टी असेल तर नवा लागेल, आणि ज्याचा नवा साचा आधी त्याचा हंगाम. गल्लीच्या टोकाला गॉगलचा कारखाना आहे. त्याला आम्ही गॉगल म्हणतो कारण तो घरातही काळा चष्मा काढत नाही. गेल्या वर्षी आमचा माल त्याच्या आधी लागला होता, तेव्हापासून तो मला बघितलं की जरा जास्तच हसतो.

मला पट्टीचा वास येतोय.

१९ जून

दुपारी इंटरनेटवरच्या फोनवेड्यांच्या फोरमवर थोडं लिहिलं. तिथे मी "तिसरा डोळा" या नावाने लिहितो. कारखान्याचं नाव नाही, माझं नाव नाही, कुणाला काही कळायचा प्रश्नच नाही. धंद्यातलं तर मी काहीच सांगत नाही, फक्त माझा अंदाज सांगतो. आज अंदाजाचं चित्रही काढून टाकलं: आडवी पट्टी, कडा गोल, डावीकडे तीन भिंगं, उजवीकडे फ्लॅश. फ्लॅशखाली फार रिकामं रिकामं दिसत होतं म्हणून एक बारीक भोक काढलं. माइक म्हणा, काही म्हणा. चित्र लगेच भरल्यासारखं वाटलं.

लोकांनी डोक्यावर घेतलं. एकाने लिहिलं, "डोळ्याने सांगितलं म्हणजे झालं." हिने मागून डोकावून विचारलं, "हे सगळं जगाला सांगायचं असतं का हो?" मी म्हटलं, "जग म्हणजे काय, चार रिकामटेकडी माणसं."

२५ जून

लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात एका कंपनीत फोनच्या कीबोर्डवरच्या अक्षरांचं काम करते. ही पोरगी पहिल्यापासून कट्टर खुलेवाली. बंदवाल्यांच्या फोनला "सोन्याचा पिंजरा" म्हणायची. आज व्हिडिओवर बोलताना मागच्या कपाटाच्या आरशात तिच्या हातातला फोन दिसला. बंदवाल्यांचा!

"हा कधी घेतलास?"

"ऑफिसने दिला, बाबा."

"तुझं ऑफिस कधीपासून फोन वाटायला लागलं?"

"दिला ना. आई कुठे आहे? आईला दे."

मी पट्टीबद्दल विचारायला जाणार, तेवढ्यात ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. पोरीने एका वाक्यात विषय बदलला आणि दुसऱ्या वाक्यात फोन. मनात पाल चुकचुकली. कुणा मुलाने तर दिला नसेल? असा महागडा फोन कुणी उगाच देत नाही. हिला म्हटलं तर म्हणाली, "तुम्हाला देवाने पोलिसच करायचं होतं, चुकून कव्हरवाला केला."

३ जुलै

सापडलं!

मुंगीकडून आराखडा आला. मुंगी म्हणजे आमचा खबऱ्या. कधी भेटलेला नाही, फक्त मेसेजवर असतो. त्याची माणसं थेट असेंब्लीच्या कारखान्यात आहेत, असं तो म्हणतो. आराखडा एकदम व्यवस्थित, सगळी मापं मिलिमीटरात. पाठीवर आडवी पट्टी. कडा गोल. डावीकडे तीन भिंगं. आणि फ्लॅशखाली बारीक भोक.

भोक! माझ्या चित्रात होतं तेच, त्याच जागी! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. इतकी वर्षं या धंद्यात घासल्यावर नाकच असं तयार होतं. मी न बघता काढलं आणि त्यांनी तसंच बनवलं.

दाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"हे त्याने आणलं कुठून?"

"आतून."

"आतून म्हणजे?"

"दाजी, आतून म्हणजे आतून."

"दुसरीकडून काही कळेपर्यंत थांबू या का?" असं ते गेल्या वर्षीही म्हणाले होते, त्याच्या आदल्या वर्षीही. दोन्ही वेळा मी थांबलो नाही म्हणून आपण तरलो. मी तसं बोलून दाखवलं. मग ते उठले. साचा कापायला घेतला.

१२ जुलै

ठोक बाजारात गेलो होतो. ओळखीच्या दुकानदाराने काउंटरखालून एक नमुना काढून दाखवला, थ्रीडी प्रिंटरवर काढलेला, अजून खरखरीत. म्हणाला, "बघा, गॉगलकडून आलाय. बंदवाल्यांच्या नव्या फोनचा."

आडवी पट्टी. फ्लॅशखाली भोक.

दुकानदाराला काही कळू दिलं नाही. रिक्षात बसल्यावर हिशेब मांडला. आराखडा फक्त माझ्या संगणकावर आणि साच्याच्या खोलीत आहे. माझ्याशिवाय तो नीट पाहिलेला माणूस एकच.

नाही. असं लिहूही नये.

१५ जुलै

पण लिहायलाच हवं. गेले काही दिवस दाजी जिन्यात जाऊन फोनवर बोलतात. आधी कधी जात नसत. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायचे, सगळ्या गल्लीला कळायचं. आज मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो. चोरून ऐकायला नाही, जात होतोच.

"नाही गं, त्याला नाही सांगत," ते म्हणत होते. "कळलं तर प्रश्न विचारून जीव घेईल तुझा."

मी खाकरलो. त्यांनी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"कुणी नाही. घरचंच."

घरचंच! अक्का तर आमचं जेवण घेऊन आली होती आणि समोरच्या खोलीत डबे उघडून बसली होती. आणि "गं"? गॉगलचा हिशेब त्याची बहीण बघते, हे मला माहीत आहे. वर दाजींनी उलटं मलाच विचारलं, "लेकीशी बोलतोस का रे नीट? फोन करत जा जरा." विषय कसा बदलावा ते लोकांनी यांच्याकडून शिकावं.

२० जुलै

सापळा लावला.

दाजींना एकट्याला गाठून सांगितलं, मुंगीने कळवलंय की बाजूचं बटण चार मिलिमीटर खाली सरकलंय. साच्यात नंतर बदलू, सध्या कुणाला बोलू नका. साफ खोटं. आता गॉगलच्या नमुन्यात बटण खाली आलं, तर चोर कोण ते मला कुणी सांगायला नको.

सापळा पक्का बसावा म्हणून फोरमवरही हलकेच एक ओळ टाकली: "यंदा अंगठ्याला थोडं खाली यावं लागेल." म्हणजे दाजी कुठे पडताळायला गेले तरी त्यांना खरं वाटावं. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त.

२९ जुलै

बटण खाली आलं.

गॉगलचा दुसरा नमुना. मी दुकानात मोजपट्टी मागून मोजलं. चार नाही, तीन मिलिमीटर. पण खालीच. दुकानदार म्हणाला, "काय झालं? बरं वाटत नाहीये का?" मी पाणी मागितलं.

अक्काला काय सांगू? लहानपणी माझी दप्तरं उचलणारी बहीण आहे ती.

३१ जुलै

साच्याच्या खोलीचं कुलूप बदललं. दाजी सकाळी आले, चावी लावली, लागेना. पुन्हा लावली. चावी हातात धरून माझ्याकडे आले. सगळे कामगार बघत होते. मला त्यांना एकीकडे घेऊन बोलायचं होतं, पण त्यांनी सरळ विचारलं, "कुलूप बदललंस?"

"हो."

"का?"

आणि मग माझ्या तोंडून सगळं निघालं. जिना, गॉगल, भोक, बटण. माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. कुणीतरी मशीन बंद केलं. दाजींनी एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर खिशातला व्हर्निअर काढला, ज्याने ते सगळं मोजतात, तो माझ्या टेबलावर ठेवला.

"जिन्यातलं बोलणं कुणाशी होतं ते विचारतोयस का?"

"हो."

"ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय. बाकी तुला जे वाटायचं ते वाटू दे."

गेले. जाताना दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१ ऑगस्ट

अक्काचा फोन. "माझ्या नवऱ्याला चोर म्हणालास?" मी पुरावे सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतले नाहीत.

ही माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे.

४ ऑगस्ट

लेकीचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"बाबा, जिन्यात आतोबा माझ्याशी बोलत होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी नोकरी बदलली. मार्चमध्येच. बंदवाल्यांकडे लागले. अक्षरांच्याच कामावर. तुला नका सांगू, असं मीच त्यांना म्हटलं होतं."

"आईला माहीत आहे?"

"आईला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, बाबा. तुला सोडून."

"पण का? मी काय नको म्हणालो असतो? अगं, मला किती आनंद..."

"तू विचारलं असतंस. मी सही केलीय, आतलं एक अक्षर बाहेर सांगायचं नाही म्हणून. आणि तू रोज विचारलं असतंस."

"मी? मी कशाला विचारीन?"

"आत्ता काय विचारणार होतास?"

खोटं कशाला लिहू? जिभेवर आलंच होतं. पट्टी की चौकोन. एवढी भांडत होती पोरगी, आणि माझ्या मनात तेवढंच होतं. तिला ते कळलं.

"मला कॅमेऱ्याचं काही माहीत नसतं, बाबा," ती म्हणाली. "आमचं दारसुद्धा वेगळं आहे. पण तुला ते पटलं नसतं. आतोबांना मार्चपासून माहीत आहे. त्यांनी एकदाही विचारलं नाही."

फोन ठेवला. जिना सुटला, ठीक. माझी चूक. पण मग बटण? गॉगलला बटणाचं कुणी सांगितलं? ते अजून तसंच आहे. जिन्यात लेकीशी बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी दुसऱ्या कुणाशी बोलत नसेल कशावरून?

२६ ऑगस्ट

खुलेवाल्यांचा फोन आला. त्यांच्या पाठीवर पट्टी! आता बंदवाल्यांची पट्टी पक्की. दोघं एकमेकांच्या घरात डोकावूनच तर चालतात. माल जोरात काढायला सांगितला. मशीनवर नवा माणूस ठेवलाय, दर तासाला काहीतरी अडकतं आणि तो माझ्याकडे बघतो.

दाजींकडे जावंसं वाटतं. पण बटणाचा उलगडा झाल्याशिवाय कुठल्या तोंडाने? आणि झाला तर कुठल्या तोंडाने?

९ सप्टेंबर

बंदवाल्यांचा कार्यक्रम. कारखान्यात मोठ्या पडद्यावर लावला, सगळे काम थांबवून उभे. त्यांच्या एक बाई मंचावर आल्या. फोन हातात पाठमोरा धरला आणि वळवला.

पट्टी नाही. चौकोनही नाही. तीन भिंगं सुटी सुटी, पाठीवर थेट बसवलेली, बटणांसारखी. फ्लॅश एका बाजूला एकटा. त्याच्याखाली काही नाही. भोक नाही.

बाई बोलत होत्या, टाळ्या पडत होत्या. मी एक कव्हर हातात घेऊन बसलो होतो. आमच्या पट्टीच्या खिडकीतून त्यांचं एक भिंग दिसलं असतं, दुसरं अर्धं, तिसरं आत अंधारात. खोकी छतापर्यंत रचलेली. कुणीतरी विचारलं, "हे परत वितळतं का हो?" वितळतं. वितळवावं लागेल.

११ सप्टेंबर

आज गॉगल आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. चष्मा डोक्यावर चढवलेला. डोळे लहान आणि लाल. खोकी बघितली आणि धपकन बसला.

"तुमचंही तेच?"

"तेच."

"माझीही खोली भरलीय," तो म्हणाला. "पट्टी, भोक, सगळं."

आता तरी कळेल म्हणून मी विचारलं, "तुम्हाला आराखडा कुणी दिला? खरं सांगा. आता लपवून काय मिळणार?"

"कुणी म्हणजे? मुंगीने. तुम्हालाही त्यानेच दिला असेल." तो कसंनुसं हसला. "काल त्याला धरलं फोनवर. म्हणे, आतून कसलं, फोरमवरच्या तिसऱ्या डोळ्याचं चित्र होतं, मी फक्त मापं घालून नीट करून दिलं. त्या डोळ्याला मी दोन वर्षं देव मानत होतो हो! बटण खाली येणार असं लिहिलं त्याने, मी त्याच दिवशी नमुना बदलला. सापडला ना कुठे..."

चहा आला होता. मी त्याला कप दिला. माझा तसाच राहिला. माझं चित्र. मुंगीकडे गेलं, मापं लावून माझ्याकडेच परत आलं, आणि मी ते बघून उभा राहिलो. रिकामं दिसतंय म्हणून काढलेलं ते भोक. आणि बटणाची ओळ तर मी माझ्याच हाताने लिहिली होती.

"तो मी आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"तिसरा डोळा. मीच."

गॉगलने माझ्याकडे नीट पाहिलं. मी, खोकी, पुन्हा मी. मग त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"सोडा हो, साहेब. तुम्ही कसले! तो फार पोचलेला माणूस आहे. आतला कुणीतरी असणार. मुद्दाम खोटं पसरवायला ठेवलेला." चष्मा खाली ओढून तो उठला. "बंदवाल्यांचाच माणूस. मी सांगतो ना."

१२ सप्टेंबर

अक्काकडे गेलो. ही म्हणाली, "मी येऊ?" मी नको म्हटलं.

अक्काने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेली. दाजी खिडकीपाशी बसून पंख्याचं काहीतरी खोलत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोरम, चित्र, मुंगी, सापळा, ओळ. मधलं काही गाळलं नाही. गाळलं असतं तर त्यांना कळलंच असतं.

"म्हणजे चोर सापडला," ते म्हणाले.

"सापडला."

त्यांनी स्क्रू एका वाटीत टाकले. आत अक्काच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"चोर म्हणालास त्याचं इतकं नाही लागलं," ते म्हणाले. "माणूस तापतो, बोलतो. पण कुलूप तू आदल्या संध्याकाळी बदललंस ना? मी घरी गेल्यावर? आणि जाताना मला 'उद्या लवकर या' म्हणालास. ते लागलं."

मी विसरलो होतो. म्हणालो होतो खरा.

माफी मागितली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पंख्याचं पातं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे धर." धरलं. अक्काने दोन कप आणले. माझ्यापुढे जरा जोरात ठेवला.

१५ सप्टेंबर

दाजी आले. सगळ्यांनी काम चालूच असल्यासारखं दाखवलं. मी नवी चावी त्यांच्यापुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"खोली उघडीच ठेव," म्हणाले. "आहे काय आत आता?"

कुलूप काढलं. फोरमवरचं नावही काढलं. त्यावर लगेच तिथे चर्चा सुरू झाली की डोळ्याला कुणी गप्प केलं. काहींना बंदवाल्यांचा संशय आहे, काहींना खुलेवाल्यांचा.

२० सप्टेंबर

खरा फोन विकत आणला, रांगेत उभं राहून, चारचौघांसारखा. दाजी मोजत होते, मी लिहून घेत होतो. आमचं कव्हर आता सगळ्यांच्या मागून येईल. गॉगलचंही. तो संध्याकाळी येऊन आमच्या मापांवर नजर टाकून गेला. मी कागद झाकला नाही. झाकावासा वाटला, हे मात्र खरं.

त्यानंतर लेकीचा फोन आला. आधी हिच्याशी बोलली, मग दाजींशी, ते इथेच होते. मग फोन माझ्याकडे आला.

"आतोबा आले परत?"

"आले."

"बरं झालं."

पुढच्या वर्षीच्या फोनबद्दल लोक आत्तापासूनच काय काय बोलायला लागलेत. घडीचा येणार म्हणे. खुलेवाल्यांकडे केव्हाचाच आहे, आता यांचाही. दाजी माझ्याकडे बघत होते. ही बघत होती.

"बाबा? आहेस ना?"

"आहे. एक विचारू?"

तिने श्वास घेतलेला ऐकू आला. "विचार."

"तू जिथे बसतेस तिथल्या खिडकीतून काय दिसतं?"

मग ती हसली. खूप दिवसांनी तसं हसली, लहानपणी हसायची तसं, नाकातून.

"गाड्या उभ्या करायची जागा," ती म्हणाली. "आणि एक वाळलेलं झाड. हे सांगितलं तर चालतं."

कितव्या मजल्यावरून, ते मी विचारलं नाही. झाडाबद्दल विचारलं. ती बोलत राहिली.